आधी कल्ले मोजा

या महिन्यात समुद्री मासे पाळणाऱ्या वाचकांची अकरा पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: कोणतं औषध घालू? मासा मिनिटाला किती वेळा कल्ले हलवतोय, हे मात्र एकाही पत्रात नाही. माझी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली आणि वीस वर्षं सहकारनगरच्या घरात समुद्री टँक सांभाळण्यात. या दोन्हींनी मला एकच सवय लावली. बाटली उघडायच्या आधी खुर्ची ओढायची आणि टँकसमोर बसायचं. म्हणून या वेळच्या उत्तरांत औषधांपेक्षा बघण्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

माझ्या ३०० लिटरच्या टँकमध्ये दोन क्लाउन मासे होते. ब्लू टँग आणला आणि आठ दिवसांत त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले. दुकानदारांनी एक निळं औषध दिलं आणि हीटर ३० वर ठेवायला सांगितला. चार दिवसांत ठिपके गेले. आता तीन आठवड्यांनी तिन्ही माशांवर आलेत, आधीपेक्षा जास्त. औषध बदलू का?
— वाचक, कोथरूड

ठिपके औषधाने गेले, हाच गैरसमज आहे. त्यांची माशावरची मुदत संपली म्हणून ते गेले. तुमच्या वर्णनावरून हा क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे आपण ज्याला मरीन इक म्हणतो तो एकपेशीय परजीवी आहे. माशाच्या कातडीत तो ३ ते ७ दिवस राहतो, पोट भरतो आणि गळून पडतो. मग वाळूवर, दगडावर, काचेवर कुठेही चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याची विभागणी होत राहते. या अवस्थेत तो बहुधा ३ ते २८ दिवस असतो, पण ७२ दिवसांपर्यंत टिकल्याच्या नोंदी आहेत. कवच फुटलं की त्यातून शेकडो पिल्लं सुटतात आणि एक-दोन दिवसांत त्यांना मासा सापडावा लागतो. तुमच्या टँकमध्ये त्यांना तीन मासे सापडले.

निळं औषध बहुधा मेथिलीन ब्लू असावं. त्याने कवच फुटत नाही. उलट तुमच्या दगडांत जे उपयोगी जिवाणू माशांपासून पाण्यात येणारा विषारी अमोनिया खात होते, त्यांना त्रास होतो. आज अमोनिया तपासाच. हीटरचा सल्ला गोड्या पाण्यातल्या इकचा आहे, तिथे तो चालतो. इथे नाही. एकाच तापमानाला समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा साधारण २० टक्के ऑक्सिजन कमी मावतो. पाणी तापवलं की आणखी कमी. आणि हा जीव अंगावर दिसतो त्याच्या आधीपासून कल्ल्यांत बसलेला असतो. म्हणजे मासा धापा टाकत असताना आपणच त्याची हवा काढून घेतो. हीटर २६ वर आणा, एका दिवसात नव्हे, हळूहळू.

आता मोजा. टँकपासून हातभर लांब बसा, पाच मिनिटं हलू नका, माशाला तुमची सवय होऊ द्या. मग मोबाइलवर एक मिनिट लावून एका बाजूचा कल्ला किती वेळा उघडतो ते मोजा. माझ्याकडचा क्लाउन शांत असताना ७०च्या आसपास असतो. तुमच्या माशाचा आकडा वेगळा असेल, म्हणून तो निरोगी असतानाच मोजून ठेवायला हवा. १००च्या वर गेला, किंवा नेहमीच्या दीडपट झाला, तर ठिपके असोत वा नसोत, मी त्याला आजारी समजते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०११च्या डिसेंबरात मी एक पावडर ब्लू टँग आणला आणि तसाच मोठ्या टँकमध्ये सोडला. दुसऱ्या दिवशी तो पॉवरहेडच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, झोतात तोंड करून उभा होता. मला वाटलं, प्रवाह आवडतोय. अंगावर एकही ठिपका नव्हता. तिसऱ्या रात्री खोलीतले दिवे बंद करून बाजूने टॉर्च आडवा धरला, तेव्हा पाठीवर हळदीची पूड उडाल्यासारखी पिवळट झाक दिसली. सकाळी तो गेला. आठवड्याभरात माझे पाच मासे गेले, त्यात सहा वर्षं सांभाळलेली क्लाउनची मादी होती. त्या टँगच्या कल्ल्याचा तुकडा मी कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. तांबड्या पाकळ्यांच्या कडांवर तपकिरी गोल पिशव्या दिसल्या, जोंधळ्याच्या कणसात दाणे बसावेत तशा एकमेकींना खेटून. श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती. हा अ‍ॅमिलोओडिनियम, ज्याला वेल्व्हेट म्हणतात. इक तुम्हाला विचार करायला काही दिवस देतो. वेल्व्हेट देत नाही. मासा उजेड टाळत असेल, झोतात उभा राहत असेल, खाणं सोडलं असेल आणि कल्ले धडधडत असतील, तर ठिपक्यांची वाट बघू नका. त्याच दिवशी उपचाराला घ्या.

दोन्हींवरचा खात्रीचा उपाय तांबंच आहे, पण मोठ्या टँकमध्ये ते कधीही घालायचं नाही. दगड आणि वाळू ते शोषून घेतात, मात्रा हाताबाहेर जाते आणि श्रिंप, गोगलगायी, कोरल मरतात. तिन्ही मासे वेगळ्या टँकमध्ये हलवा. तुमचा फ्लॅट लहान आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. ६० लिटरची साधी काचेची टाकी पुरेल, टँगला तीही तात्पुरतीच. तळाशी वाळू नको, दगड नको. लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसी पाइपचे एल्बो टाका. एक स्पंज फिल्टर हवा, आणि तो स्पंज आधी तीन-चार आठवडे निरोगी टँकच्या मागच्या कप्प्यात पडू दिलेला असावा, म्हणजे त्यात जिवाणू वस्तीला आलेले असतात. तुमच्याकडे तसा नसेल, तर रोज अमोनिया तपासून पाणी बदलावं लागेल. त्यात टाळाटाळ केली, तर मासा रोगाने नाही, अमोनियाने जाईल.

मोरचूद प्रकारचं साधं तांबं असेल तर मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. कमी पडलं तर परजीवी मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. ही मात्रा दोन दिवसांत हळूहळू गाठायची, सकाळ-संध्याकाळ टेस्ट किटने बघायची आणि महिनाभर टिकवायची. कीलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनाने बांधून ठेवलेल्या, तांब्याची मात्रा याच्या कितीतरी पट असते. तिथे माझा आकडा वापरू नका, बाटलीवरचा वापरा आणि किटही त्याला चालणारं घ्या.

आणि मोठा टँक ७६ दिवस माशांविना ठेवायचा. दगड, गोगलगायी, दिवे, पंप सगळं चालू, फक्त मासे नाहीत. अधिक महिना नसेल तर गुढीपाडव्याला मासे बाहेर काढले की वटपौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी हे भरतं. लोक चाळिसाव्या दिवशी कंटाळतात, टँक रिकामा बघवत नाही म्हणून मासे परत सोडतात. मला ती तगमग कळते. पण कंटाळू नका.

मॅडम, आमच्याकडे एक क्लीनर श्रिंप, दोन हर्मिट क्रॅब आणि पाच गोगलगायी होत्या. दोन महिन्यांत एकेक करून सगळं गेलं. मासे ठणठणीत आहेत, ताव मारून खातात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. वाफ होऊन उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचंच पाणी भरतो. कुठे चुकतंय?
— वाचक, सदाशिव पेठ

तुमचं पत्र वाचून मी फोन केला होता, तो इतर वाचकांसाठी इथे मांडते. मासे ठणठणीत आणि बिनकण्याचे जीव एकामागून एक मेलेले, हे चित्र दिसलं की मनात पहिलं नाव तांब्याचं येतं. पण तुम्ही कधी कुठलंही औषध घातलेलं नव्हतं. मग मी विचारलं, आरओचं पाणी साठवता कशात? तुम्ही म्हणालात, आईला प्लॅस्टिक आवडत नाही, म्हणून आजीच्या तांब्याच्या हंड्यात भरून ठेवतो.

तेच ते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ उरलेले नसतात, त्यामुळे रात्रभर हंड्यात राहिलं की ते थोडंसं तांबं उचलतं. आपल्याला पिण्यात त्याने काही होत नाही, आईंना तसं सांगा. पण टँकमधून वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. तांबं मागे राहतं. रोज दोन लिटर भरलंत, तर दोन महिन्यांत १२० लिटर पाण्यातलं तांबं तुमच्या टँकमध्ये साठलं. गंमत अशी, की श्रिंप आणि खेकड्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्यावरच बनलेलं असतं, म्हणून त्यांचं रक्त निळसर दिसतं. वर्गात हे सांगितलं की मुलं चकित व्हायची. तेच तांबं पाण्यात मोकळं सुटलं, की त्यांच्या कल्ल्यांवर घाव घालतं.

पाणी खाद्य दर्जाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये साठवा. दर आठवड्याला चौथा भाग पाणी बदला. फिल्टरमध्ये तांबं शोषणारी रेझिन आणि सोबत कार्बन, म्हणजे पाणी शुद्ध करणारा कोळसा, ठेवा. दगडांनी धरून ठेवलेलं तांबं हळूहळू सुटत राहतं, म्हणून टेस्ट एकदा शून्य आली की लगेच श्रिंप आणू नका. लागोपाठ चार आठवडे शून्य यायला हवी.

आणखी एक. स्वयंपाकघरातला आरओ तुमच्या घरी नवा बसवलाय, असं म्हणालात. हल्ली काही यंत्रांत पाण्यात तांबं सोडणारं काडतूस असतं, आणि बहुतेकांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं. टँकसाठी टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरवर, ० ते ५ यायला हवं. घरच्या नळाखाली ५० आलं, तर ते पाणी पिण्याचं आहे, टँकचं नाही.

आजी, मी आठवीत आहे. माझ्या निमोच्या शेपटीवर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी पांढरी गाठ आलीय. बाबा म्हणतात कापून टाकू. तो मरेल का?
— सिंहगड रस्ता

बाळा, नाही मरणार. बाबांना सांग, कात्री बाजूला ठेवा. ही लिम्फोसिस्टिस नावाची विषाणूची गाठ आहे. त्यात माशाच्याच पेशी फुगून खूप मोठ्या होतात, इतक्या की तू म्हणतेस तसा तुरा दिसतो. यावर औषध नाही आणि बहुतेक वेळा लागतही नाही. काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत ती आपोआप गळते. पुन्हा येऊ शकते, तेव्हाही घाबरू नकोस. त्याला रोज थोडं थोडं आणि वेगवेगळं खायला दे, दुसरा मासा त्याला टोचत नाही ना ते बघ, पाणी वेळेवर बदल. गाठ तोंडावर आली आणि त्याला खाता येईना, तरच मला परत लिही. आणि दर रविवारी तिचं चित्र काढून तारीख टाक. कमी होतेय की वाढतेय, ते चित्रांतून नीट कळतं.

आम्ही सर्वात वरच्या मजल्यावर राहतो, स्लॅब तापतो. दुपारी टँकचं पाणी ३१ पर्यंत जातं आणि मासे वर येऊन तोंड उघडतात. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तेव्हा एक डॅमसेल गेला. चिलर परवडणारा नाही. कोणतं टॉनिक द्यावं?
— वाचक, हडपसर

टॉनिक देऊ नका. त्यांना हवा द्या.

पुण्याचा उन्हाळा कोरडा असतो, हे तुमच्या बाजूने आहे. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने टँक गार करता येतो. वरचं काचेचं झाकण काढा आणि त्या जागी बारीक जाळी लावा, नाहीतर मासे उडी मारतात. मग लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. एप्रिल-मे महिन्यात माझ्याकडे एवढ्यानेच पाणी २ ते ३ अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय इतका चालत नाही, आणि आपल्याकडेही जूनमध्ये पाऊस लागला की जोर कमी होतो, पण तोवर ऊनही उतरलेलं असतं. पाणी जास्त उडेल, म्हणून सकाळ-संध्याकाळ आरओचं पाणी भरा. खारं पाणी भरायचं नाही, मीठ कुठेच गेलेलं नसतं. खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ धरून ठेवा. एका फटक्यात पाच लिटर ओतण्यापेक्षा थोडं थोडं भरलेलं माशांना सोसतं.

वीज जाते त्या दिवसासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या. सेल घालून एकदा चालवून बघा आणि मगच कपाटात ठेवा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर दिवे किंवा हीटर घेऊ नका, एक पॉवरहेड घ्या, त्याचं तोंड वर वळवून पृष्ठभाग हलता ठेवा. ऑक्सिजन तिथूनच आत येतो. त्या दुपारी मासे उपाशी ठेवा, खाल्लेलं पचवायलाही ऑक्सिजन लागतो. बर्फ थेट टाकू नका. पाण्याच्या बाटल्या गोठवून, झाकण घट्ट लावून तरंगत ठेवा, एका वेळी एकच, म्हणजे तापमान एकदम कोसळणार नाही. आणि टँकवर दुपारचं ऊन येत असेल, तर पडदा लावा. यात पैसे जात नाहीत, म्हणून हे कुणी सांगत नाही.

सोसायटीत पेस्ट कंट्रोल आहे. टँक हलवता येत नाही. काय करू?
— वाचक, औंध

टँकच्या खोलीत फवारा नको, असं आधीच सांगा. स्वयंपाकघरात जेल लावून घेता येतं. फवारणीतली पायरेथ्रॉइड औषधं माशांना आणि श्रिंपला अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात. शेजारच्या खोलीत फवारणार असतील, तर एअर पंप आणि स्किमर, म्हणजे हवेच्या फेसाने पाण्यातली घाण काढणारं यंत्र, बंद करा, कारण ते खोलीतली हवाच पाण्यात ओढतात. टँक ओल्या चादरीने आणि वरून प्लॅस्टिकने झाका, पॉवरहेड चालू ठेवा. खिडक्या उघडून दोन-तीन तास झाल्यावर झाकण काढा, ताजा कार्बन घाला.

एंजल माशाचे दोन्ही डोळे धुरकट झालेत, अंग दगडावर घासतो, अंगावर ठिपके नाहीत. दुकानातून अँटिबायोटिक आणून पाच दिवस घातलं, फरक नाही.
— वाचक, धायरी

एकच डोळा धुरकट असता, तर कुठे आपटला असेल म्हटलं असतं. दोन्ही डोळे आणि अंग घासणं एकत्र आलं की मी फ्लूकचा, म्हणजे कातडीवरच्या चपट्या कृमींचा संशय धरते. ते जिवंत असताना काचेसारखे पारदर्शक असतात, म्हणून तुम्हाला काही दिसत नाही. ते दिसावेत म्हणून गोड्या पाण्याचं स्नान द्यायचं.

गेल्या श्रावणात माझ्या एंजलचंही असंच झालं होतं. काळी प्लॅस्टिकची घमेली घ्या, काळीच, पुढे कळेल का. त्यात आरओचं पाणी भरा, टँकइतकंच तापमान करा, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून पीएच ८.२च्या आसपास आणा आणि एअर स्टोन अर्धा तास चालवा. मग मासा अलगद सोडा. पहिलं अर्धं मिनिट तो आडवा पडतो. काळजाचा ठोका चुकतो, पण तो बहुतेक वेळा सावरतो. माझा मासा दुसऱ्या मिनिटाला सावरला, आणि तिसऱ्या मिनिटाला त्याच्या डोळ्यावर एक पांढरा ठिपका उमटला, जिथे आधी काहीच नव्हतं. मग गालावर दुसरा. गोड्या पाण्याने कृमी फुगून पांढरी पडते. पाचव्या मिनिटाला मी मासा बाहेर काढला, तेव्हा घमेल्याच्या काळ्या तळाशी तिळाएवढे एकोणीस पांढरे कण होते. मी भिंगाखाली एकेक मोजला.

पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. मासा सावरलाच नाही किंवा श्वास थांबल्यासारखा वाटला, तर लगेच परत घ्या. श्वास आधीच खूप जोरात असेल, तर हे स्नान देऊच नका. पांढरे कण मिळाले तर निदान पक्कं. नाही मिळाले तर मला पुन्हा लिहा, अँटिबायोटिक मात्र आजच बंद करा आणि कार्बनने काढून टाका.

स्नानाने रोग बरा होत नाही, भार हलका होतो. कृमींची चिकट अंडी टँकमध्येच असतात. त्यावर प्राझिक्वांटेल द्यायचं. ते मोठ्या कृमी मारतं, अंड्यांना काही करत नाही, म्हणून अंडी फुटल्यावर पाच ते सात दिवसांनी दुसरा डोस लागतो. त्या काळात एअर पंप जोरात चालवा, कारण औषधाने पाण्यातला ऑक्सिजन थोडा उतरतो. पहिला डोस दिला की दुसऱ्याची तारीख लगेच कालनिर्णयवर लिहा. माझ्या अनुभवात दुसरा डोस विसरला जातो, कारण तोवर मासा छान दिसायला लागलेला असतो.

पुढच्या अंकासाठी पत्र लिहिताना चार गोष्टी कळवा: पाण्याचं तापमान, रिफ्रॅक्टोमीटरचं रीडिंग, अमोनिया आणि कल्ल्यांचा मिनिटाचा आकडा. माशाचा फोटो बाजूने काढा, फ्लॅश बंद ठेवून. शेवटचा मासा किंवा दगड टँकमध्ये कधी आणि कुठून आला, तेही लिहा.